शिकवणीची नोंद फडात व्हावी

सभासदांना ऊसशेतीचे प्रशिक्षण यापुढे मोबाईलवरून द्यावे, अशी सूचना अलीकडे संचालक मंडळापुढे आणि गटऑफिसांतून मांडली जात आहे. सूचना चांगली आहे. तिला विरोध करण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. परंतु अशी कामे आपल्याकडे कोणत्या रीतीने होतात हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे, काम सुरू होण्याआधीच चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात हे बरे. ॲप तयार झाले, उद्घाटन झाले, फेटे बांधले, फोटो निघाले आणि पुढच्या वार्षिक अहवालात 'इतक्या हजार सभासदांनी नाव नोंदविले' असे एक वाक्य छापून आले, की झाले! एवढ्यासाठी सभासदांचा पैसा खर्ची पडू नये.

प्रशिक्षणाची गरज आहे की नाही, हा वाद कोणी काढू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पिण्याचे पाणी आले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात उसाला आणि ऊसवाल्याला किती बोल लागले हेही आपण ऐकले आहे. पाऊस बरा झाला की आपण ते विसरतो. पण घरणी आणि साकोळच्या तलावांत पाणी किती आहे यावर ज्यांचा ऊस उभा राहतो, त्यांना विसरून चालणार नाही. कमी पाण्यात, कमी खतात, जास्त टनेज काढून दाखविणे हेच त्या बोलण्याला उत्तर आहे. आणि ते कसे काढायचे हे शास्त्र काही गुपित राहिलेले नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली स्थापन झाली. परभणीचे कृषी विद्यापीठ त्याच्याही आधीचे, १९७२ चे. ज्ञान तयार आहे, ते शिरूर अनंतपाळच्या फडापर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे.

आजवर आपण काय केले? निवडक सभासदांची बस भरून मांजरीला पाठविली. त्याचा उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. तिथून आलेल्या कितीतरी जणांनी पट्टा पद्धत धरली, एक डोळ्याची रोपे केली. पण गावात ऊसवाले शंभर आणि बसमध्ये जागा दोघांना. त्यातही जायला मोकळा कोण असतो? ज्याच्या घरी धारा काढायला दुसरे कोणी आहे तो. ज्याच्यावर सगळे शेत अवलंबून आहे त्याला चार दिवस गाव सोडता येत नाही. मोबाईल मात्र त्याच्या खिशात असतो, आणि रात्री लाईटची वाट पाहत मोटारीपाशी बसला की तो तेच चाळत बसतो. म्हणून मोबाईलवरच्या शिक्षणाला आमचा पाठिंबा आहे.

आता धोका कोठे आहे ते सांगतो.

दूरवरून शेतकऱ्याला शिकविण्याचा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी संच बसविले होते. आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हाही त्यात होता. लोक चावडीपुढे बसून शेतीचे कार्यक्रम पाहत. त्या वेळच्या मंडळींचे एक शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते: नुसते संच मोजून ते थांबले नाहीत. लोकांना काय समजले, काय पटले, हे पाहण्यासाठी त्यांनी अभ्यासक गावांत राहावयास पाठविले. पुढे १९८० च्या दशकात 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. ग्रामसेवकाने ठरल्या दिवशी ठरल्या शेतकऱ्याकडे जायचे, अशी ती शिस्त होती. कागदावर उत्तम. पण हळूहळू भेटीची डायरी तेवढी भरू लागली, आणि भेट कोठे झाली हे विचारणारे कोणी उरले नाही. जुन्या सभासदांना हे आठवत असेल.

मोबाईलवरच्या अभ्यासक्रमात डायरी भरायचे काम यंत्र करते. कोणी कधी उघडले, किती मिनिटे पाहिले, कोणते प्रश्न सोडविले, किती बरोबर आले, सगळे आपोआप नोंदले जाते. आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे एम.एस.-सी.आय.टी. २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज तो केलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. आपल्या घरातल्याही कोणी ना कोणी तो केलेलाच असेल. त्यात संगणकच शिकवितो, संगणकच प्रश्न विचारतो, आणि रोजच्या पाठाचे गुण शेवटच्या परीक्षेच्या गुणांत धरले जातात. खेड्यातल्या पोराच्या हातून माऊस चालविण्याचे काम या अभ्यासक्रमाने केले, याबद्दल दुमत नाही. तेथे संगणकावर शिकायचे ते संगणकच होते. म्हणून यंत्राने केलेली नोंद आणि प्रत्यक्ष कौशल्य यांत फार अंतर पडत नव्हते. उसाचे तसे नाही. उसाचे शिक्षण मोबाईलवर होईल, पण ऊस मोबाईलवर येत नाही.

शिवाय नोकरीची अट होती म्हणून ते पुरे करणारे पुष्कळ निघाले. जिथे अट नसते तिथे काय होते? हार्वर्ड आणि एम.आय.टी. या अमेरिकेतील दोन नामांकित संस्थांनी चालविलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे तिघांच्या आसपास! जगातले उत्तम प्राध्यापक, उत्तम तंत्र, आणि ही स्थिती. अट घातली तर दुसरा रोग जडतो. व्हिडिओ चालू करून मोबाईल ओट्यावर ठेवायचा आणि आपण कामाला लागायचे, प्रश्नांची उत्तरे पोराकडून भरून घ्यायची, हे प्रकार कोणाला ठाऊक नाहीत? नोंद शंभर टक्के, आणि डोक्यात काही नाही.

आपण कारखान्याचे सभासद आहोत. आपल्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. काट्यावर किती टन ऊस आला हा एक आकडा, आणि त्यातून साखर किती निघाली हा दुसरा. गाळप कितीही झाले तरी उतारा पडला तर कारखाना तोट्यात. नाव नोंदविलेल्यांची संख्या म्हणजे गाळप होय. आम्हांला उतारा विचारायचा आहे.

हा उतारा मोजता येतो, हे दाखविणारे काम आपल्या देशात झालेले आहे. बेंगळूरूच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात २००६ साली 'डिजिटल ग्रीन' हा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी मोठी यंत्रणा उभी केली नाही. गावातल्याच शेतकऱ्याला त्याच्याच शेतात काम करताना चित्रित केले, ते थोड्या मिनिटांचे चित्र संध्याकाळी दहा-वीस जणांना एकत्र बसवून दाखविले, आणि दाखविणारा माणूस मधेच चित्र थांबवून विचारू लागला, 'आता पुढं काय करायचं?' नंतर कोणी काय प्रश्न विचारला, कोणी काय करीन म्हटले आणि प्रत्यक्षात शेतात केले का, याची नोंद ठेवली. कर्नाटकातील १६ गावांत ही पद्धत नेहमीच्या विस्तार पद्धतीशी ताडून पाहिली, तेव्हा नव्या पद्धती स्वीकारणारे कितीतरी पट जास्त निघाले, आणि खर्चाच्या हिशेबाने ती सुमारे दहापट परवडली. यंत्रापेक्षा तो थांबवून विचारणारा माणूस महत्त्वाचा ठरला. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. चित्र पाहताना लोक पहिल्यांदा विचारीत, हा माणूस कोणत्या गावचा? आपल्या भागातला असला तर ऐकायचे. आपल्याकडे तरी दुसरे काय होते? सुटाबुटातल्या माणसाने पुस्तकी भाषेत सांगितलेले खरे असले तरी गडी म्हणतो, 'त्येचं काय जातंय बोलायला, त्येच्या रानात हाय का आमच्यावानी चोपण?'

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की बाजारातला तयार अभ्यासक्रम विकत घेऊ नये. धडे आपले आपण तयार करावेत. हे वाटते तितके अवघड नाही. खोडव्याचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. लागणीच्या उसाला पोटच्या पोरासारखे जपायचे आणि खोडव्याला सावत्र करायचे, ही आपली रीतच पडून गेली आहे.

खोडव्याचा धडा पाठ्यपुस्तकासारखा 'खोडव्याचे महत्त्व' येथून सुरू करू नये. सुरुवात प्रश्नाने करावी: 'तुमचा ऊस आज तुटून गेला. फडात पाचट पडलंय. तुम्ही काय कराल?' खाली तीन चित्रे: काडी लावणारा, पाचट बांधावर ओढणारा, आणि पाचट सरीत दाबणारा. काडीवर बोट ठेवले तर 'चूक' असा लाल शिक्का मारून उपयोग नाही. शेतकऱ्याला लाल शिक्का दाखविला की तो मोबाईल बंद करतो. त्याऐवजी त्याला त्याच फडाचे एप्रिलमधले चित्र दाखवावे. उघडी जमीन, भेगा, पाळी आठ दिवसांवर. दुसऱ्या बाजूला पाचट ठेवलेला फड, वाफसा टिकलेला. मग हिशेब सांगावा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते कुजविण्यास एकरी साधारण ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू लागतात. एवढे सांगून धडा संपवावा. पाच मिनिटांच्या वर एकही धडा नको.

दुसरा धडा बुडख्यांच्या छाटणीचा. तिसरा पहारीने खत देण्याचा: पहिली निम्मी मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरी साधारण १३५ दिवसांनी, बुडख्याच्या दुसऱ्या अंगाला, फुटाफुटावर भोक पाडून. हे सगळे पुष्कळांनी ऐकलेले आहे. पण ऐकलेले आणि त्या दिवशी आठवलेले यांत अंतर असते. मोबाईलचा खरा उपयोग येथे आहे. फड कोणत्या दिवशी तुटला याची नोंद कारखान्याकडे असतेच. त्या तारखेपासून मोजून बरोबर दहाव्या दिवशी खताचा धडा आणि १३० व्या दिवशी दुसऱ्या मात्रेची आठवण त्याच शेतकऱ्याला गेली पाहिजे. सगळ्या सभासदांना एकाच दिवशी एकच धडा पाठविणे म्हणजे सगळ्या तालुक्याला एकाच दिवशी तोडणीची स्लिप देण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना हाच मजकूर आवाजात ऐकवावा आणि उत्तरासाठी एक-दोन-तीन आकडे दाबावयास सांगावेत. तेही होऊ शकते.

आणि खोडव्याचा धडा तोडणीच्या टोळीलाही हवा. ऊस जमिनीलगत तुटला नाही तर पुढचे सगळे शिक्षण वाया. मुकादमाच्या मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्र गेले तर काय बिघडते? शिकायचे फक्त सभासदानेच, असे कोठे लिहिले आहे?

यावरूनच आमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभ्यासक्रमाला नाव कोणाचे घालायचे? कारखान्याच्या रजिस्टरला शेअर एकाच्या नावावर असतो. कित्येकांचा शेअर अजून आजोबांच्या नावावर आहे. सातबारा तिसऱ्याच्या नावावर, आणि रात्री पाण्यावर जातो तो सालगडी किंवा बटईदार. लागण, खुरपणी, पाचट लावणे ही कामे बायका करतात. त्यांचे नाव कोणत्याच कागदावर नाही. शेअर नंबरावर मोबाईल जोडला तर धडा लातूरला राहणाऱ्या मालकाच्या मोबाईलवर वाजेल, आणि सरीत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागणार नाही. बायकांचे तर आणखीच वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाईल जवळपास ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. म्हणजे निम्म्या घरांत तो मोबाईल नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. म्हणून आमची सूचना अशी: नोंद शेअर नंबरावर न करता ऊस नोंदीच्या फडावर करावी. एका फडाला तीन माणसे जोडता यावीत, आणि त्यांतली एक तरी प्रत्यक्ष पाणी देणारी असावी. बचतगटाच्या बैठकीत हेच धडे एकत्र बसून पाहण्याची सोय व्हावी.

नोंदीचा उपयोग कशाला करायचा, हेही आधीच ठरले पाहिजे. आमच्या मते तिचा पहिला उपयोग शिकविणाऱ्याला तपासण्यासाठी आहे. शंभरांतले चाळीस जण एकाच प्रश्नाला अडखळले, तर ते चाळीस अडाणी नव्हेत, तो धडा नीट झालेला नाही. तो परत करावा. एखाद्या ठिकाणी निम्मे लोक पाहणे सोडून देत असतील तर तिथे बोलणे कंटाळवाणे झाले आहे असे समजावे. गावातली सारी मंडळी एका प्रश्नाला तेच 'चुकीचे' उत्तर देत असतील, तर शेतकी खात्याने आधी त्या गावाला जाऊन यावे. कदाचित त्या जमिनीत तेच उत्तर बरोबर असेल. दुसरा उपयोग स्लीपबॉयला. तो फडावर जातोच. त्याने पाचट आहे की जाळले, पहारीची भोके दिसतात की नाही, एवढे पाहून खूण करावी. त्या खुणेला आम्ही शिकल्याची नोंद मानू. धडा उघडल्याची नोंद ही नुसती पोच समजावी.

परंतु एका गोष्टीला आमचा साफ विरोध राहील. या नोंदीचा संबंध तोडणीच्या पाळीशी, उचलीशी किंवा मतदानाच्या हक्काशी लावता कामा नये. आज कोणी तसे म्हणत नाही, हे आम्ही जाणतो. पण वही एकदा तयार झाली की ती कोणाच्या ना कोणाच्या कामाला येते. 'यांनी धडे पाहिले नाहीत, यांची तोड मागे' असे एकदा झाले, की उद्या शिक्षण बाजूला राहील आणि धाक तेवढा उरेल. प्रत्येकाला स्वतःची नोंद पाहता यावी, चुकली असेल तर दुरुस्त करून घेता यावी, आणि संचालक मंडळापुढे फक्त गावाची बेरीज जावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. तो मोठ्या कंपन्यांसाठीच आहे असे समजू नये. कोणी म्हणेल, सवलत नाही आणि धाक नाही, मग शिकेल कोण? सवलत जरूर द्या. ज्याच्या फडात पाचट दिसेल त्याला जिवाणू खत कमी दरात द्या. पण सर्टिफिकेटवर देऊ नका.

राहता राहिला तंत्राचा प्रश्न. यातले आम्ही जाणकार नाही, पण दोन गोष्टी विचारून घेतल्या आहेत. एक अशी की अभ्यासक्रम चालविण्याची आणि नोंद ठेवण्याची व्यवस्था फुकटही मिळते. 'मूडल' नावाची एक प्रणाली २००२ पासून सर्वांना खुली आहे. जगभरच्या शाळा-कॉलेजांत ती चालते. ज्याने ती लिहिली तो मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढला. शाळा इतकी लांब, की लहानपणी त्याचे धडे रेडिओवरून होत. दूर राहणाऱ्याचे दुःख ठाऊक असलेल्या माणसाचेच हे काम म्हणायचे. दुसरी गोष्ट अशी की धडे आणि नोंदी सर्वमान्य साच्यात असाव्यात. 'स्कॉर्म' नावाचा असा एक साचा वीसेक वर्षांपासून रूढ आहे. तो पाळला तर आपण केलेला धडा दुसऱ्या कारखान्याला चालतो आणि दुसऱ्याचा आपल्याला. बार्शी लाइटची ती अरुंद रुळांची लातूर गाडी आठवते ना? कुर्डुवाडीला सगळा माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायचा. एखाद्या ठेकेदाराच्या स्वतःच्याच साच्यात आपण अडकलो, तर ठेका संपल्या दिवशी आपली तीच गत होईल. धडेही त्याचे, नोंदीही त्याच्या. करार करताना ही एक ओळ संचालक मंडळाने विसरू नये.

सभासद बंधू-भगिनींनो, सगळे एकदम करू नये. या हंगामात फक्त खोडव्याचे तीन धडे व्हावेत, साकोळ, येरोळ आणि हिप्पळगाव या तीन गावांपुरते. चित्रण आपल्याच कोणा शेतकऱ्याच्या रानात, आपल्याच बोलीत. जानेवारीत उजेडला गांधीबाबांची यात्रा भरते. तालुक्यातला ऊसवाला तिथे येतोच. तेथे एक पाल ठोकून हे धडे लोकांना दाखवावेत, मधेच थांबवून विचारावे, आणि लोक कोठे हसतात, कोठे उठून जातात ते पाहावे. उन्हाळ्यात या तीन गावांतल्या खोडव्याचे फड स्लीपबॉयने मोजावेत, आणि आलेला आकडा, मग तो कसाही असो, याच पत्रात छापावा. ज्या सभासदांच्या रानात चित्रण करता येईल, तसेच ज्यांच्या घरातल्या मुला-मुलींना मोबाईलवर चित्रण करण्याची आवड आहे, त्यांनी आपली नावे मोळी टाकण्याच्या आत गटऑफिसात द्यावीत. पाणी देणाऱ्या गड्याचे नावही सोबत लिहावे.